ट्रेकसाठी लाकडावरची घडीची चूल : चौघांच्या स्वयंपाकाला कोणती घ्यावी?

पाऊलवाट

जाणकारांकडून सल्ला हवा आहे. गरज नेमकी लिहितो, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

माणसं चार. डिसेंबर-जानेवारीत सह्याद्रीत दोन मुक्काम. मुक्काम पायथ्याच्या गावाजवळ, मालकाची परवानगी घेऊन त्याच्या शेतात किंवा खळ्यावर. सकाळी चहा आणि पोहे, रात्री मुगाची खिचडी किंवा पिठलं-भात, जमलं तर भाकरी. भांडी : ४ लिटरचा टोप (व्यास २० सेंमी), दीड लिटरचं पातेलं आणि २२ सेंमीचा लोखंडी तवा. बुटेनचे कॅन वाहायचे आणि रिकामे परत आणायचे, हे थांबवायचं आहे.

पाहिलेले प्रकार तीन : (१) चार-पाच पत्र्यांची, खाचांत बसणारी चौकोनी घडीची चूल, (२) दुहेरी भिंतीची गोल, जिला गॅसिफायर म्हणतात, (३) बॅटरी आणि पंखा असलेली. वजन एक किलोच्या आत, खर्च तीन हजारांच्या आत. चौथा पर्याय असला तर तोही सांगा. पत्रा कोणता, जाडी किती, लाकूड किती लागेल आणि काय बिघडतं, हे कळलं तर फार बरं होईल.

---

चुलवण

भांड्यांची यादी दिलीत हे उत्तम केलं. चुलीची निवड तिथूनच होते.

बाजारातल्या बहुतेक चुली पाणी उकळण्यासाठी बनलेल्या आहेत. पाश्चात्य ट्रेकर अर्धा-एक लिटर पाणी उकळतो, सुक्या जेवणाच्या पाकिटात ओततो आणि चूल विझवतो. पंधरा मिनिटांचं काम. आपली खिचडी म्हणजे आधी फोडणी, मग मोठा जाळ, मग वीस-पंचवीस मिनिटं मंद आच. वर चहा. म्हणजे तासभर सलग आणि कमी-जास्त करता येणारा विस्तव हवा. या एका फरकामुळे निम्मे पर्याय आपोआप गळतात.

गॅसिफायर आधी घेऊ, कारण तिची जाहिरात सर्वांत जास्त आहे. आतला डबा आणि बाहेरचा डबा, मध्ये पोकळी. खालच्या भोकांतून थोडी हवा जाळीखालून लाकडाला मिळते. बाकीची हवा पोकळीतून तापत वर चढते आणि आतल्या डब्याच्या काठाजवळच्या भोकांतून धुरावर पडते. धूर म्हणजे न जळालेला वायू. तो तिथे पेट घेतो, म्हणून काठाभोवती ज्वाळांचं कडं दिसतं. हे घडायला लाकूड वरून पेटवावं लागतं आणि वरच्या भोकांच्या खाली बोटभर राहील इतकंच भरावं लागतं. भोकं झाकली गेली की कडं विझतं आणि डोळे चुरचुरतील असा पांढरा धूर सुटतो. लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथेच.

एकदा भरलेली गॅसिफायर पंधरा-वीस मिनिटं झकास जळते, मग उरतात निखारे. पुन्हा जाळ हवा तर भांड्याखालच्या कड्यातल्या फटीतून बारीक काटक्या सोडायच्या. एकदम मूठभर टाकल्या की परत धूर. आच कमी करायची सोयच नाही, कारण हवेचं दार नाही. चहा आणि पोह्यांना ही चूल उत्तम, खिचडीला त्रासाची.

दुसरी अडचण रुंदीची. सोलो स्टोव्ह कंपनीच्या 'लाइट' मॉडेलचा व्यास सुमारे ११ सेंमी आणि वजन २५५ ग्रॅम. तिच्यावर भरलेला ४ लिटरचा टोप ठेवायचा विचारही करू नका, ढवळताना कलंडेल. 'टायटन' १३ सेंमी व्यासाची आणि अर्ध्या किलोच्या आत आहे, दोघा-तिघांना ठीक. चौघांसाठी त्यांची 'कॅम्पफायर' येते, व्यास जवळपास १८ सेंमी, पण वजन किलोभर आणि किंमत तुमच्या खर्चात बसत नाही.

पंख्याची चूल, म्हणजे बायोलाइटसारखी. आचेतून वीज करणारा भाग पंखा चालवतो आणि फोनही चार्ज होतो. पंख्यामुळे ओलसर काटकीही जळते, हा खरा फायदा. पण वजन ९३५ ग्रॅम, किंमत भरपूर, आणि पंखा किंवा बॅटरी बिघडली तर डोंगरात दुरुस्ती नाही. फोनसाठी पॉवरबँक हलकी पडते.

तुमच्या कामाला चौकोनी घडीची चूलच. समोरून दार असल्यामुळे टोप न उचलता जळण पुढे सरकवता येतं. दोन काटक्या आत ढकलल्या की जाळ वाढतो, मागे ओढल्या की कमी होतो. घरच्या मातीच्या चुलीचं तंत्र तेच, हात आपोआप वळतो. ती गॅसिफायरपेक्षा धूर जास्त करते आणि भांडं जास्त काळं करते, हे मान्य. टोपाच्या बुडाला बाहेरून राख-मातीचा पातळ लेप लावा, काजळी लेपासकट धुऊन निघते.

चौथा पर्याय विचारलात : नुसतं पाणी तापवायचं तर केली केटल. घरचा बंब आठवा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, खाली राख पडायची जाळी. केटल हा त्याच तत्त्वावरचा छोटा बंब. ०.६, १.२ आणि १.६ लिटर अशा तीन मापांत येते आणि वारा असेल तेव्हा जास्तच जोरात चालते. दोन गोष्टी मात्र जिवावरच्या : विस्तवावर असताना बूच लावायचं नाही, नाहीतर वाफेने ते उडून उकळतं पाणी अंगावर येतं, आणि पाणी भरल्याशिवाय पेटवायची नाही. तिच्यावर खिचडी होत नाही, म्हणून तुमच्यासाठी ती पुरेशी नाही.

---

पत्राकाम

चुलवण यांच्याशी सहमत. फक्त घडीची चूल विकत घेण्याऐवजी लेझर कटिंगवाल्याकडून कापून घ्या, असं सुचवेन. भोसरी, अंबड, वाळूज, जिथे औद्योगिक वसाहत आहे तिथे एका चुलीचं काम करून देणारे सापडतात. तयार चुलींत पत्रा बहुधा पातळ असतो आणि माप एक-दोन माणसांचं.

माप असं ठेवा. चार बाजू, प्रत्येक १३ सेंमी रुंद आणि १८ सेंमी उंच. तळापासून ४ सेंमीवर जाळी बसेल अशा खाचा. जाळीखालची ही जागा हवेची आणि राखेची, ती कमी करू नका. जाळीला १० मिमीची पंचवीसेक भोकं. भोकं ६ मिमीची केलीत तर बाभळीचा एक बारीक निखारा त्यात अडकतो आणि अर्ध्या तासात निम्मी जाळी बुजते. मग वरून कितीही फुंका, जाळ धरत नाही. समोरच्या पत्र्याला जाळीच्या वर ७ सेंमी रुंद आणि ६ सेंमी उंच दार.

आता सगळ्यात महत्त्वाचं : भांडं आणि चुलीचा काठ यांत १५ ते २० मिमी फट हवी. वरच्या काठाला दोन आडव्या पट्ट्या खाचेत बसवा, त्या काठाच्या तेवढ्या वर राहतील आणि टोप त्यांवर बसेल. फट ठेवली नाही तर टोप झाकणासारखा बसतो, हवेची ओढ मरते आणि धूर दारातून तोंडावर येतो. "चूल धुरते" अशी तक्रार असली की आधी ही फट बघावी. फट ३ सेंमीच्या वर गेली तर उलटी गोष्ट होते, निम्मी आच बाजूने निघून जाते.

पत्रा ३०४ ग्रेडचा स्टेनलेस. १ मिमी जाडीत सगळी चूल भोकं वजा जाता ८०० ग्रॅमच्या आसपास भरते, ०.८ मिमीत साडेसहाशे ग्रॅम. चौघांत ८०० ग्रॅम काहीच नाही, १ मिमी घ्या. ०.५ चा पत्रा पहिल्याच जाळात पापडासारखा वाकतो आणि मग खाचा जुळत नाहीत.

वाकतो का, तेही सांगतो. ३०४ ची १३ सेंमीची पट्टी सहाशे अंशांनी तापली की साधारण १.४ मिमी वाढते. दाराजवळचा भाग लाल होतो तेव्हा कोपरा त्या मानाने गार असतो, म्हणजे वाढ सगळीकडे सारखी नाही. खाच घट्ट असेल तर वाढलेल्या पत्र्याला जायला जागा उरत नाही आणि तो पोटातून फुगतो. म्हणून १ मिमी पत्र्याला खाचेची रुंदी १.३ मिमी आणि लांबीत २ मिमी मोकळीक ठेवायला सांगा. जोडल्यावर चूल थोडी खुळखुळली पाहिजे. कापणारा म्हणेल की ढिली होईल. होऊ द्या, टोपाच्या वजनाने ती बसते.

बाजारात ३०४ म्हणून २०२ ग्रेडचा पत्रा सर्रास दिला जातो. चुंबकाने फसू नका. चुंबक चिकटला तर तो ४३० सारखा पत्रा असतो, पण २०२ आणि ३०४ दोन्हींना तो चिकटत नाही. भंगारवाले ग्रेड ओळखायला थेंबाचं औषध वापरतात, ते लावून घ्या किंवा बिलावर ग्रेड लिहून मागा. २०२ ची चूल चालणारच नाही असं नाही, पण कोकणच्या दमटपणात तिला लवकर डाग धरतात.

कधीच घेऊ नका अशा दोन गोष्टी. एक, जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला पत्रा. जस्त ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ ला उकळतं. चुलीच्या निखाऱ्यात त्याचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. बादलीची, डब्याची जुगाडू चूल करणाऱ्यांनी हे नीट बघावं. दुसरी, ॲल्युमिनियमची भट्टी. ते ६६० अंशांना वितळतं. ॲल्युमिनियमचा टोप चालतो, कारण आतल्या पाण्यामुळे तो तापत नाही. रिकामा मात्र जाळावर ठेवू नका.

कापून आणल्यावर पत्र्यावरची निळी किंवा पांढरी प्लॅस्टिकची फिल्म सोलून काढा, आतल्या बाजूचीही. ती पारदर्शक असली तर लक्षात येत नाही. मग सगळ्या कडा कानशीने मारा. लेझरची कड हात कापते. पहिला जाळ भांडं न ठेवता अंगणात अर्धा तास करा, तेल जळून जातं. पत्रा सोनेरी-जांभळा होईल, तो दोष नाही.

कापून घ्यायचं नसेल तर भांडी बाजारात चमचे-पळ्या ठेवायचा स्टीलचा भोकांचा उभा डबा मिळतो. १२ सेंमी व्यासाचा बघून घ्या, खाली एका बाजूला ६ सेंमीचं दार कापा, वर तीन बोल्ट लावा. दोघांच्या चहाला पुरे. पण भोकं सगळीकडे असल्यामुळे वाऱ्यात आच उडते आणि जळण दुप्पट लागतं.

---

पाऊलवाट

दोघांचेही आभार. घडीची चूल पक्की. आता जळणाचं सांगा. किती न्यायचं, कोणतं, आणि तिथे मिळेल त्या काटक्या चालतील का?

---

रानजाई

आधी किती, ते हिशेबाने.

एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला साधारण ३१५ किलोज्यूल लागतात. चांगल्या वाळलेल्या लाकडात किलोला १६ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता असते. तीन दगडांच्या उघड्या चुलीत त्यातला दहा-पंधरा टक्केच भाग भांड्यात जातो, आडोशाच्या घडीच्या चुलीत वीसच्या आसपास. म्हणजे लिटरभर पाण्याला उघड्यावर १३० ते २०० ग्रॅम, चुलीत १०० ग्रॅम. चार जणांच्या खिचडीला ४०० ग्रॅम तांदूळ, २०० ग्रॅम मूगडाळ आणि जवळपास २ लिटर पाणी. उकळी येईपर्यंत सव्वादोनशे ग्रॅम लाकूड, मंद आचेला दीडशे, पेटवण्यात आणि वाऱ्यात जातं ते धरून अर्धा किलो. चहाला १००-१२५ ग्रॅम. पोह्यांना २००. दोन रात्री आणि दोन सकाळींना मिळून पावणेदोन किलो, भाकरी करणार असाल तर पावणेतीन.

हे आकडे वाळलेल्या लाकडाचे आहेत. ताज्या तोडीत निम्मं वजन पाण्याचं असतं. ते पाणी वाफ होऊन जाईपर्यंत जाळ वर चढतच नाही, नुसतं सूं-सूं करत टोकाला फेस येतो. फेस दिसला की ते लाकूड बाजूला ठेवा, चुलीजवळ उभं करून वाळू द्या.

आता कोणतं. घडीच्या चुलीला अंगठ्याएवढी जाड आणि वीतभर लांब काटकी हवी. मनगटाएवढं लाकूड या छोट्या पेटीत धड जळत नाही आणि दार अडवतं. बाभूळ, ऐन, खैर यांच्या ढलप्या जड असतात, निखारा धरतात, मंद आचेला त्याच. पेटवायला आणि जाळ चढवायला तुराट्या, पऱ्हाट्या, वाळकी कारवी. त्या भराभर जळतात, निखारा उरत नाही. शेतात मुक्काम असेल तर तुराट्या मागितल्या की मिळतात. पांगारा, सावर, शेवगा हलकी लाकडं. धूर फार, आच कमी, सोडून द्या. बांबू फोडूनच टाका. बंद पेर तापलं की आतली हवा आणि ओल फुगून ते बारासारखं फुटतं आणि निखारे उडवतं.

कोकणात असाल तर नारळाची करवंटी हे अप्रतिम जळण. दोन बोटांएवढे तुकडे करा. सुरुवातीला काळा धूर देते, मग लोहाराच्या कोळशासारखी लालबुंद जळते. चुलवण यांनी गॅसिफायर बाद केली, पण वाळकी करवंटी भरलेली गॅसिफायर पंधरा मिनिटं जवळपास धुराशिवाय चालते. नुसत्या चहा-नाश्त्याच्या एका दिवसाच्या भटकंतीला मी तीच निवडेन. शेणी या छोट्या चुलीत घालू नका. त्यांची राख भरपूर पडते आणि जाळी बुजते.

आता ज्यांना हात लावायचा नाही ती झाडं. शेर आणि निवडुंगाच्या जातीची दुधाळ झाडं, कण्हेर, आणि खाडीकाठी गेवा. शेराचा आणि गेव्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ येते, धूरही झोंबतो. कण्हेर सगळीच विषारी, तिची काटकी भाजायला किंवा ढवळायलाही वापरू नका. आणि बिब्बा. डोंगरात तो सगळीकडे आहे. त्याचं तेल ज्यांना उततं त्यांचं तोंड त्याच्या धुरानेही सुजतं. वाळलेली काटकी कसली आहे हे ओळखत नसाल तर उचलू नका. म्हणूनच गावातून जळण विकत घेणं मला जास्त पटतं. लाकूड ओळखीचं असतं, वाळलेलं असतं, आणि चार पैसे घरच्या बाईच्या हातात जातात.

पेटवायला दोन वड्या कापूर आणि पेन्सिलीएवढ्या काटक्यांची मूठ. कापराची डबी घट्ट झाकणाची घ्या, तो उडून जातो. मेणबत्तीचं थोटूकही चालतं. टायर-ट्यूबचे तुकडे, दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं जाळू नका. रॉकेल-पेट्रोल तर मुळीच नको. पेटत्या चुलीवर ओतलं की ज्वाळा बाटलीपर्यंत येते.

एक सवय लावून घ्या : पेटवण्याआधी तिन्ही जाडीचं जळण वेगवेगळं रचून हाताशी ठेवा. काडीएवढं, बोटाएवढं, अंगठ्याएवढं. चूल विझते ती बहुतेक वेळा तिसऱ्या मिनिटाला, माणूस काटक्या शोधायला उठतो तेव्हा.

---

जाळरेषा

जागेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पाऊलवाट शेतात परवानगीने मुक्काम करणार आहेत, ते बरोबरच आहे. पण हा धागा वाचून कोणी ही चूल थेट गडावर नेईल.

राखीव वनात नियम मोडून विस्तव पेटवणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चं कलम ३० लागू होतं. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वासोटा कोयना अभयारण्यात. रायगड, लोहगड, शिवनेरी ही केंद्राची संरक्षित स्मारकं आहेत. तिथे नेमून दिलेली जागा सोडून स्वयंपाक करायला १९५९ च्या नियमांनी मनाई आहे. चूल घडीची आहे, जाळ जमिनीला टेकत नाही, हे उत्तर तिथे चालत नाही. पडलेली काटकी उचलणंही अभयारण्यात चालत नाही. तिथे पाचनई, रतनवाडी, साम्रद या गावांतल्या घरांतून जेवण सांगा.

शेतातही डिसेंबरनंतर गवत कोरडंठाक असतं. चुलीभोवती दोन-दोन हात जागा मातीपर्यंत साफ करा. चुलीवरून वारा भुसा, कडबा, गंजी यांच्याकडे जाईल अशा बाजूला चूल नको. चुलीखाली सपाट कोरडा दगड किंवा पत्र्याचं ताट ठेवा. ओढ्यातला दगड घेऊ नका. त्यात मुरलेलं पाणी वाफ होऊन दगडाच्या कपच्या उडतात. दोन लिटर पाणी शेजारी ठेवूनच काडी ओढायची, आणि ते पाणी प्यायचं नाही.

आता धुराचं. कड्याखाली, गुहेच्या तोंडाशी, मोठ्या झाडाखाली पेटवण्याआधी मान वर करून बघा. कड्यांना आग्या मोहोळं असतात, झाडाच्या फांदीवरही. धूर वर गेला की पोळं उठतं, आणि आग्या माशा दूरवर पाठलाग करतात. सह्याद्रीत चुलीचा सगळ्यात मोठा धोका मला विस्तवापेक्षा हा वाटतो. काळपट, अर्ध्या चंद्रासारखं लोंबणारं काही दिसलं, तर तिथे चूल नाही, उदबत्ती नाही, सिगारेट नाही.

तंबूत किंवा तंबूच्या पडवीत चूल नको आणि थंडी वाजते म्हणून निखारेही आत नकोत. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

---

चुलवण

जाळरेषा यांनी मोहोळाचं लिहिलं ते फार मोलाचं.

पत्राकाम यांच्या मापात एक भर. वाऱ्याची हलकी झुळूक असेल तर दार तिकडे करा, ओढ सुधारते. वारा जोराचा असेल तर दार वाऱ्याला आडवं करा, नाहीतर ज्वाळा टोपाखालून मागे फेकली जाते आणि टोप एकाच बाजूने तापून खिचडी तिथेच लागते. तीन बाजूंनी वीतभर उंच दगडांचा आडोसा करा, पण चुलीपासून चार बोटं लांब. दगड चुलीला चिकटवले तर खालून हवा जात नाही.

तुमचा टोप २० सेंमीचा, चूल १३ ची. भांडं चुलीच्या दीडपट रुंदीपर्यंत चालतं, म्हणजे तुम्ही अगदी कडेला आहात. जमीन सपाट हवी. ढवळताना दुसऱ्या हातात सांडशी धरूनच ढवळा.

तांदूळ आणि डाळ मुक्कामाला पोचल्या पोचल्या भिजत घाला. अर्ध्या तासाच्या भिजण्याने दहा-बारा मिनिटांची आच वाचते. फोडणी मात्र मोठ्या जाळावर नको, पातळ टोपात मोहरी तडतडायच्या आत जिरं जळतं. दोन काटक्यांवर फोडणी, मग पाणी, मग जाळ चढवायचा.

---

पाऊलवाट

पत्राकाम यांची मापं कागदावर उतरवून घेतली. शेवटचा प्रश्न भाकरीचा. या चुलीवर जमेल का? की तवा घरीच ठेवू?

---

रानजाई

जमेल, पण क्रम पाळावा लागेल. पिठलं-भात आधी, भाकरी शेवटी. तोवर जाळीवर तीन-चार सेंमी निखारा साठतो आणि भाकरीला तोच हवा. नुसत्या ज्वाळेवर तवा मधोमध लाल होतो आणि कडा कच्च्या राहतात. निखारा चार सेंमीच्या वर चढू देऊ नका, जाळी गुदमरते. जास्तीचा दारातून काडीने पुढे ओढा.

२२ चा तवा १३ च्या चुलीवर मधे जास्त तापणारच. म्हणून भाकरी तव्यापेक्षा लहान थापा, १५-१६ सेंमी, आणि सतत फिरवा. वरच्या बाजूला पाणी फिरवलं, ते सुकायच्या आत उलटली, दुसरी बाजू भाजली, की तवा उतरवून पट्ट्यांवर छोटी जाळी ठेवा आणि पाण्याची बाजू खाली करून भाकरी त्यावर टाका. निखारा चांगला असेल तर दहा-पंधरा सेकंदांत फुगते. जाळी म्हणजे पापड भाजायची घरातलीच. फुगत नसेल तर निखारा कमी आहे किंवा भाकरीला कुठेतरी चीर आहे.

पीठ ताजं दळलेलं न्या. चार-सहा दिवसांत ज्वारीचं पीठ विरी जातं आणि थापताना कडा फाटतात. तसं झालंच तर उकळत्या पाण्यात मळा. चौघांना आठ भाकऱ्या धरा, प्रत्येकी तीन-साडेतीन मिनिटं, म्हणजे अर्धा तास. तेवढा वेळ निखारा जिवंत ठेवायला दर दोन भाकऱ्यांनंतर बाभळीची एक ढलपी.

---

पत्राकाम

आवरण्याबद्दल राहिलंच. तापलेल्या चुलीवर पाणी ओतू नका, १ मिमीचा पत्राही एका झटक्यात पिळवटतो. निखारे आधी ताटात किंवा खड्ड्यात काढा, त्यांवर पाणी घाला, काडीने ढवळा, पुन्हा घाला. उलटा तळवा जवळ नेऊन ऊब लागते का बघा. ऊब असेल तर अजून विझलेलं नाही. चूल तशीच वाऱ्यावर गार होऊ द्या, पंधरा मिनिटं पुरतात. मग पत्रे सुटे करून एकमेकांवर हलके आपटा, खाचांतली राख पडते. ती राहिली तर दव पिऊन दगडासारखी घट्ट होते आणि पुढच्या वेळी खाच बसत नाही.

पिशवी जाड कॅनव्हासची शिवून घ्या, १४ बाय १९ सेंमी आणि वर पट्टी. रेग्झिन किंवा नायलॉन नको, आत एखादी ठिणगी राहिली तर भोक पडतं. घरी आल्यावर पत्रे घासून चकचकीत करायची गरज नाही. काजळीचा थर राहू द्या, फक्त खाचा आणि जाळीची भोकं जुन्या टूथब्रशने साफ करा आणि कोरड्या जागी ठेवा.